एलएल.बी.: अभ्यास पाठ आहे, पण पेपरात मार्क पडत नाहीत. कुठे चुकतंय?

निळी_शाई (१२ मार्च, रात्री १०.४०)

नमस्कार. वय ३९, नोकरी करते, मुलगी सातवीत. गेल्या वर्षी सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. सकाळी कॉलेज, मग ऑफिस, रात्री नऊनंतर अभ्यास. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. पास झाले, पण करार कायद्यात अगदी काठावर. हा माझा सगळ्यात जास्त तयारी झालेला विषय होता, म्हणून जास्त लागलं.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. एक प्रश्न १२ मार्कांचा होता: १७ वर्षांच्या मुलाने स्वतःचं वय १९ सांगून सावकाराकडून कर्ज घेतलं आणि वडिलोपार्जित घर गहाण लिहून दिलं. सावकाराला पैसे परत मिळतील का? सकारण लिहा.

मी अडीच पानं लिहिली. कराराची व्याख्या, कलम १० प्रमाणे वैध करारासाठी काय काय लागतं, प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (म्हणजे मोबदला), मग करार करायला कोण सक्षम ते सांगणारं कलम ११, मग मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३. शेवटी लिहिलं की अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा, करार मुळातच शून्य असतो. यात चूक काहीच नाही ना? १२ पैकी ४ मिळाले. समासात एक शब्दही लिहिलेला नाही.

पुढच्या सेमिस्टरला किती वाचायचं ते मला कळतं. कसं लिहायचं ते कळत नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगा.

पिवळं_पुस्तक (१२ मार्च, रात्री ११.१५)

ताई, माझंही पहिल्या सेमला हेच झालं होतं. पुरवण्या जास्त जोडल्या की मार्क जास्त, असं सीनियर सांगायचे. ते खरं नाही एवढं मी अनुभवावरून सांगू शकतो. बाकी जाणकार सांगतीलच.

तपासनीस_काकू (१३ मार्च, सकाळी ६.५०)

मी २२ वर्षं कायदा शिकवला, तितकीच वर्षं पेपर तपासले. आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं उत्तर बरोबर आहे, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. "अज्ञान व्यक्तीचा करार यावर टीप लिहा" असा प्रश्न असता तर तुम्हाला चांगले मार्क मिळाले असते. इथे प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी मुद्दाम पेरल्या आहेत. मुलगा वय खोटं सांगतो. घर गहाण आहे. आणि विचारलं आहे की पैसे परत मिळतील का. करार वैध आहे का, असं विचारलेलंच नाही. तुमच्या अडीच पानांत या तिन्हींबद्दल किती ओळी आहेत ते छायाप्रतीवर पेन्सिलीने मोजून पाहा.

आता मोहोरी बीबी. ही केस सगळेच लिहितात, पण तिथे काय घडलं होतं ते फार थोडे सांगतात. त्या प्रकरणात सावकाराच्या वतीने व्यवहार करणाऱ्या माणसाला मुलाचं खरं वय ठाऊक होतं. त्यामुळे "तू वय खोटं सांगितलंस, आता शब्द फिरवू शकत नाहीस", म्हणजे एस्टॉपेलचा मुद्दा, प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) तिथे लागूच केला नाही. ज्याला खरं माहीत होतं त्याची फसवणूक होत नाही. तुमच्या प्रश्नात सावकार खरोखर फसलेला आहे. म्हणजे वस्तुस्थिती वेगळी आहे, आणि ते तुम्हीच दाखवायला हवं. पुढे लिहायचं: तरीसुद्धा एस्टॉपेलने अज्ञान व्यक्तीला करारात बांधता येत नाही, कारण तसं केलं तर कलम ११ ने दिलेलं संरक्षणच संपेल. म्हणून गहाणखत शून्य, सावकार घरावर बोजा सांगू शकत नाही.

मग पैशांचं काय? इथे बहुतेक विद्यार्थी थांबतात. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ चं कलम ३३ उघडा. करार अज्ञानपणामुळे शून्य आहे असा बचाव घेऊन प्रतिवादी दावा परतवतो, तेव्हा त्याला त्या करारातून जो फायदा झाला असेल तेवढ्यापुरता तो परत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. त्याच्या आधी १९२८ साली लाहोर उच्च न्यायालयाने खान गुल विरुद्ध लखा सिंग मध्ये याच दिशेने निर्णय दिला होता. म्हणजे उत्तर असं: कराराच्या आधारे पैसे वसूल होणार नाहीत, घर विकून होणार नाहीत, पण मुलाच्या हाती जो फायदा राहिला आहे तेवढा परत करायला न्यायालय सांगू शकतं.

एवढं एका पानात बसतं. कराराची व्याख्या कुठेच लागली नाही, बघा.

निळी_शाई (१३ मार्च, सकाळी ९.०५)

काकू, ऑफिसला निघता निघता वाचलं आणि बसमध्ये परत दोनदा वाचलं. पेन्सिलीने मोजलं: "वय खोटं सांगितलं" याबद्दल माझ्या उत्तरात एकही ओळ नाही. कलम ३३ तर आमच्या त्या सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात होतं, पण मी ते वेगळा विषय समजून वेगळं पाठ केलं होतं.

काळा_कोट (१३ मार्च, दुपारी २.२०)

तालुका कोर्टात १४ वर्षं वकिली करतोय. काकूंनी सांगितलं त्यात एवढीच भर घालतो की बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, रोज हातात हवा. गाइड घ्या, नको म्हणत नाही, पण आधी कलम आणि मग गाइड.

कलम वाचताना ते फोडून वाचा. "आणि" कुठे आहे, "किंवा" कुठे आहे, "परंतु" पासून काय वगळलंय, स्पष्टीकरण कशाला जोडलंय, खाली दिलेलं उदाहरण कोणत्या शब्दासाठी आहे. खुनाचं कलम घ्या, नव्या भारतीय न्याय संहितेचं १०१. चार प्रकार "किंवा" ने जोडलेत, म्हणजे एक सिद्ध झाला तरी पुरे. त्यातल्या तिसऱ्या प्रकारात मात्र दोन गोष्टी एकत्र लागतात: ती इजा करण्याचा हेतू, आणि ती इजा निसर्गक्रमाने मृत्यू ओढवायला पुरेशी असणं. विरसा सिंग (१९५८) ही केस एवढ्याच वाक्यावर उभी आहे. कलम फोडून वाचलेलं असेल तर ती केस पाठ करावी लागत नाही, आपोआप लक्षात राहते.

मी विद्यार्थी असताना रोज रात्री पाच कलमं मोठ्याने वाचायचो. घरचे ऐकायचे. आजही युक्तिवादाच्या आदल्या रात्री तेच करतो.

पिवळं_पुस्तक (१३ मार्च, दुपारी ३.००)

सर, नव्या-जुन्या कलमांचं काय करायचं? आमच्या वर्गात निम्मे सर अजून ३०२ च म्हणतात.

काळा_कोट (१३ मार्च, सायंकाळी ७.४५)

दोन्ही लागतील, आणि ते ओझं समजू नका. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनं भारतीय दंडविधानच लागतं. माझ्याकडे आज दोन्ही प्रकारच्या फाइली आहेत. दंडविधानात ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. म्हणजे नुसते आकडे बदललेले नाहीत, बरीच कलमं एकत्र केली आहेत.

वहीच्या मधल्या पानावर रेघ मारा. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. सदोष मनुष्यवध २९९, आता १००. खून ३००, आता १०१. खुनाची शिक्षा ३०२, आता १०३. निष्काळजीपणाने मृत्यू ३०४अ, आता १०६. चोरी ३७८, आता ३०३. फसवणुकीचं ४२०, आता ३१८(४). एफआयआर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १५४, नागरिक सुरक्षा संहितेत १७३. पोटगी १२५, आता १४४. ही पानं स्वतःच्या हाताने भरा, छापील तक्ता चिकटवू नका.

पेपरात जुना निकाल लिहिताना "तत्कालीन भा.दं.वि. कलम ३०२ (आता भा.न्या.सं. कलम १०३)" असं एकदा लिहायचं आणि पुढे नवंच चालवायचं.

वर्धेची_लेक (१४ मार्च, सकाळी ८.३०)

मराठी माध्यमातून लिहिणाऱ्यांसाठी थोडं. आमच्या विद्यापीठात मराठीतून लिहायची मुभा होती आणि मी तिन्ही वर्षं मराठीतच लिहिलं. मार्क कमी पडतात ही भीती मला पहिल्या दिवसापासून घातली गेली. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. जिथे कमी पडले तिथे कारण भाषा नव्हती, शब्द सैल होते हे होतं. मी "खून" आणि "सदोष मनुष्यवध" एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी वापरले होते. बोलताना चालतं, उत्तरात तो फरक हाच सगळा प्रश्न असतो. तसंच "करार रद्द होतो" असं मी सरसकट लिहायचे. करार शून्य आहे की एका पक्षाच्या मर्जीने रद्द होऊ शकतो, म्हणजे व्हॉइड की व्हॉइडेबल, हे त्या वाक्यातून कळतच नाही.

भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा. शब्द अवघड वाटला तर पहिल्यांदा येईल तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत सोबत लिहा, मग पुढे एकच शब्द शेवटपर्यंत.

कुंपणावरची (१४ मार्च, रात्री ९.१०)

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. काकू म्हणतात तसं प्रत्येक केसची वस्तुस्थिती वाचायची तर नोकरी करणाऱ्याने वेळ कुठून आणायचा? एका विषयाला ४०-४५ केसेस सांगतात. मी दोन लहान मुलांची आई आहे. मला प्रामाणिकपणे वाटतं की निदान पास होण्यापुरतं गाइडच परवडतं.

तपासनीस_काकू (१४ मार्च, रात्री १०.००)

तुमचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. माझ्या वर्गात रात्रपाळी करून येणारी मुलं होती. ४५ केसेस करू नका. विषयाला १० निवडा, आणि त्या दहांच्या प्रत्येकी चार ओळी करा: काय घडलं, वाद कशावर, निकाल काय, आणि का. शेवटच्या "का" ला मार्क असतात. बाकीच्या ३५ ची नुसती नावं माहीत असली तरी भागतं.

नानावटी खटला घ्या, सगळ्यांनी ऐकलेला असतो. विद्यार्थी काय लिहितात? नौदलाचा अधिकारी, पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिली, त्याने आहुजांना मारलं, ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, पुढे जन्मठेप झाली. गोष्ट झाली, उत्तर झालं नाही. आता "का" बघा. बचाव होता गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा, खुनाच्या कलमातला पहिला अपवाद. सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ बघितलं. दुपारी दीडला नानावटी घरातून निघाले, चार वाजून वीस मिनिटांनी हत्या झाली. मधल्या वेळात पत्नी-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, आहुजांच्या ऑफिसात चौकशी केली, मग आहुजांचं घर गाठलं. जवळपास तीन तास गेले, डोकं शांत व्हायला पुरेसा अवधी मिळाला, आणि वागणूक ठरवून केलेली दिसते. म्हणून अपवाद लागू नाही.

हे "का" हाती असेल तर पेपरातल्या प्रश्नात "आरोपी घरी गेला, जेवला आणि कोयता घेऊन परत आला" असं वाक्य दिसताच तुम्हाला कळेल की परीक्षकाने ते जेवण तिथे का ठेवलंय.

कुंपणावरची (१४ मार्च, रात्री १०.२५)

दहा जमतील. मनापासून आभार.

सातबारा (१५ मार्च, सकाळी ७.१५)

कौटुंबिक कायद्याच्या पेपरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वाटणीच्या उदाहरणाला सगळे घाबरतात, पण जिथे पैकीच्या पैकी मार्क मिळू शकतात असा हा एकमेव प्रश्न आहे.

गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई, १९७८. आपल्याकडचंच प्रकरण. खंडाप्पा १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. पहिली पायरी: ते वारण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असं मानायचं. हिंदू कायद्याच्या मुंबई शाखेप्रमाणे वडील आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली की आईलाही हिस्सा मिळतो. म्हणून चार हिस्से: खंडाप्पा, हिराबाई, दोन मुलगे, प्रत्येकी १/४. दुसरी पायरी: खंडाप्पांचा १/४ त्यांच्या सहा वारसांत, प्रत्येकी १/२४. हिराबाईंचे १/४ अधिक १/२४, म्हणजे ७/२४. मुलींना मात्र फक्त १/२४.

आता तेच कुटुंब घ्या आणि मृत्यू २०१५ सालचा धरा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुली जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाटेकरी, झाल्या, विनीता शर्मा निकालात (२०२०) ते आणखी स्पष्ट झालं. मग पहिल्या पायरीत सात हिस्से, प्रत्येकी १/७. वडिलांचा १/७ सहा जणांत, प्रत्येकी १/४२. १/७ अधिक १/४२ म्हणजे १/६. आई, मुलगा, मुलगी, सगळ्यांना सारखं.

उत्तरात वंशवृक्ष काढा, मृत्यूची तारीख वर्तुळात लिहा, दोन पायऱ्या वेगळ्या दाखवा आणि शेवटी सगळ्या हिश्शांची बेरीज एक येते का ते बघा. माझ्या बहिणीला हे शिकवताना त्या १/२४ पाशी ती बराच वेळ थांबली होती. आमच्या आजीच्या वेळी काय झालं असेल ते तिला तिथे कळलं. ते गणित ती आता विसरणार नाही.

निळी_शाई (१६ मार्च, रात्री ११.३०)

काकू, तोच प्रश्न परत लिहून बघितला, घड्याळ लावून. इथे टाकते:

"सावकाराला कराराच्या आधारे पैसे वसूल करता येणार नाहीत, पण मुलाला झालेल्या फायद्यापुरती रक्कम परत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकेल. मुलगा १७ वर्षांचा असल्याने करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे तो करार करण्यास सक्षम नव्हता. मोहोरी बीबी प्रकरणात असा करार मुळातच शून्य ठरवला गेला. सावकार म्हणेल की मुलाने वय खोटं सांगितलं. मोहोरी बीबीत सावकाराच्या माणसाला खरं वय माहीत होतं, येथे तसं नाही. तरीही..."

पुढे एस्टॉपेल, गहाण आणि कलम ३३ असे तीन परिच्छेद. एकूण एक पान आणि चार ओळी, २३ मिनिटं.

तपासनीस_काकू (१७ मार्च, सकाळी ६.४०)

९ दिले असते. आधी निष्कर्ष सांगून सुरुवात केलीत, ते मला आवडतं. परीक्षकाला पहिल्याच ओळीत कळतं की हिला प्रश्न समजला आहे. "सावकार म्हणेल" ही ओळ फार मोलाची आहे, दुसऱ्या बाजूला बोलू दिलंत. उरलेले तीन कुठे गेले? फायदा म्हणजे नेमकं काय ते लिहिलं नाहीत. मुलाने पैसे उधळून टाकले असतील तर? त्याने त्यातून मोटरसायकल घेतली असेल आणि ती दारात उभी असेल तर? प्रश्नात दिलेलं नाही, म्हणून दोन्ही शक्यता एकेका ओळीत मांडायच्या.

वेळेचा हिशेब: पेपर ८० मार्कांचा आणि तीन तासांचा असेल तर पहिली दहा मिनिटं वाचायला ठेवून १२ मार्कांना साधारण २५ मिनिटं येतात. २३ उत्तम. एखादा प्रश्न छान येतो म्हणून त्याला ४० मिनिटं दिली तर शेवटच्या प्रश्नाच्या जागी दोन ओळी उरतात, आणि त्याचे मार्क कुणीच देऊ शकत नाही.

वर्धेची_लेक (१७ मार्च, सकाळी १०.१०)

आणखी एक, हजेरी सांभाळा. बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के लागते. आणि शेवटच्या वर्षाला मूट कोर्टाचा, म्हणजे सरावाच्या कोर्टाचा, पेपर येईल, त्यात दोन खटले प्रत्यक्ष पाहून त्यांची नोंदवही करावी लागते. ती आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी वहीवरून उतरवू नका. मी एका उलटतपासणीला सलग तीन तारखा बसले होते. पुराव्याच्या कायद्यातले सूचक प्रश्न (ज्यांत उत्तर आधीच सुचवलेलं असतं) उलटतपासणीत का चालतात ते मला पुस्तकातून नव्हे, तिथल्या बाकावर कळलं.

निळी_शाई (२ ऑगस्ट, रात्री ९.५०)

धागा वर काढतेय. दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल काल लागला. गुन्ह्यांच्या पेपरात ८० पैकी ५४. माझ्यासाठी हे खूप आहे.

खरंच तसा प्रश्न आला होता, काकू. शेताच्या बांधावरून भांडण, भावाने आईवरून शिवी दिली, आरोपी घरी गेला, बैल बांधले, कुऱ्हाड घेऊन परतला. "बैल बांधले" वाचल्यावर मी पेन खाली ठेवलं आणि क्षणभर तुमची ओळ आठवली. मग त्या एका वाक्यावर अर्धं पान लिहिलं: बैल बांधणारा माणूस हळूहळू भानावर येत असतो, त्याला वेळ मिळाला आहे. दुसऱ्या बाजूनेही लिहिलं, की अंतर फक्त पाच मिनिटांचं असेल तर काय. मुलगी निकाल बघायला जागी राहिली होती. तिने पहिल्यांदा विचारलं, आई, कोर्टात बैलांचंही बघतात का?

सगळ्यांचे आभार. आता मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. पहिली पंधरा कलमं वाचली आणि काहीच हाताला लागलं नाही. सुरुवात कुठून करू?

सातबारा (३ ऑगस्ट, सकाळी ७.००)

अभिनंदन ताई! त्या कायद्याची सुरुवात पहिल्या पानावरून करू नका. कलम ५४ पासून करा. विक्री म्हणजे काय, शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराला नोंदणीकृत दस्त का लागतो, आणि शेवटचा भाग: विक्रीचा करार केल्याने तेवढ्यावरच मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. आपण साठेखत आणि खरेदीखत वेगळं धरतो ते या एका ओळीमुळे. तिथून मागे ५३अ वर या, ताबा घेऊन बसलेल्या खरेदीदाराला संरक्षण कधी मिळतं ते.

काळा_कोट (३ ऑगस्ट, दुपारी १.३०)

घरात जुनं खरेदीखत असेल ना? आजोबांचं, वडिलांचं, कुणाचंही. ते आणि शक्य झालं तर एखादं साठेखत शेजारी ठेवा. चतुःसीमा, मोबदला, ताबा, नोंदणीचा शिक्का हे बोटाने शोधा आणि प्रत्येकासमोर कलम लिहा. अडलं तर नावं, गट नंबर झाकून तेवढा मजकूर इथे टाका, रविवारी बसून पाहू.

निळी_शाई (३ ऑगस्ट, रात्री १०.२०)

सासऱ्यांच्या पेटीत १९७४ चं खरेदीखत सापडलं. मोडी नाही, मराठीच आहे, पण "निमे हिस्सा मूळ मालकाच्या वहिवाटीस ठेवून" असं एक वाक्य आहे. हे विक्रीत बसतं का, सर?